आधी त्याच्याकडे, मग पाळकांकडे

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या लोकांत, दोन घरांचं बिनसलं की बातमी आधी पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) लागते, मग घरगुती प्रार्थनासभेला, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला सगळ्यांत शेवटी. येशूने सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे. बायबलमधल्या मत्तय या पुस्तकातल्या १८:१५-१७ (अध्याय १८) या तीन वचनांत तो स्पष्ट आहे: एकटा जा आणि एकांतात त्याचा अपराध त्याला दाखव; ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने; तरीही नाही, तर मंडळीला सांग. क्षमेवर प्रवचनं पुष्कळ होतात, पण आपल्याकडची बहुतेक भांडणं चिघळतात ती ही पहिली पायरी गाळल्यामुळे.

जायचं कुणी? ज्याचं मन दुखावलं त्याने, असं इथे म्हटलंय. पण मत्तय ५:२३-२४ मध्ये दुसऱ्या बाजूलाही हेच सांगितलंय: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात, पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. तेवढं अंतर परत यायला सांगणारा गुरू ‘पुढाकार त्याने घ्यावा’ हे कुणाकडूनच ऐकून घेणार नाही. आपल्या उपासनेत प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, शांतीची खूण देतात. शेजारच्याशी हात मिळवणं सोपं असतं. अबोला असतो तो चार बाकं पुढे बसलेल्याशी. म्हणून प्रभुभोजनाचा रविवार असेल तर त्याच आठवड्यात, शुक्रवार-शनिवारपर्यंत त्याच्या घरी जाऊन यावं.

जाण्याआधी कागदावर तीनच गोष्टी लिहा: काय घडलं, कधी घडलं, त्याने आपलं काय बिघडलं. ‘तू नेहमीच असा वागतोस’ हा निकाल झाला, त्याला उत्तर देता येत नाही. ‘गेल्या रविवारी सगळ्यांसमोर तू माझ्या मुलाला चोर म्हणालास’ याला देता येतं. विषय एकच ठेवा. दहा वर्षांपूर्वीचं लग्न आणि वाटणी काढलीत की हातची गोष्ट गेली. त्याच कागदाच्या मागे आपलं काय चुकलं तेही लिहा. मुसळ आणि कुसळ यांचं वचन (मत्तय ७:३-५) ‘दुसऱ्याला काही बोलू नका’ असं सांगत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग त्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं ते आहे.

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात गाठू नका. फोन करून विचारा, ‘दहा मिनिटं बोलायचंय, कधी येऊ?’ व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. आवाजातली नरमाई तिथे पोचत नाही आणि स्क्रीनशॉट फिरला की एकांत संपतो. सूर्य मावळण्याआधी राग सोडा (इफिस ४:२६) म्हणून रात्री अकराला दार ठोठावायचं नसतं. राग जोपासू नये हा त्याचा रोख. एक-दोन दिवसांत जा, आपलं बोलणं दोन मिनिटांत संपवा आणि मग गप्प बसून ऐका. गैरसमज असेल तर तो इथेच उघड होतो.

‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून दुसऱ्याचं नाव सभेत घेणं ही चहाडीच आहे, शेवटी आमेन म्हटलं तरीही. सल्ला हवा असेल तर नाव न घेता मागा. लहान मंडळीत नाव न घेताही माणूस ओळखू येतो, तेव्हा मंडळीबाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा.

चूक आपली असेल, तर ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ म्हणू नका. त्यात दोष समोरच्याच्या मनावर ढकलला जातो. मी काय केलं ते ‘पण’ न लावता सांगायचं, आणि भरपाई काय व कधी तेही. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करण्याचा शब्द सगळ्यांसमोर दिला (लूक १९:८). २०,००० रुपये थकले असतील तर ‘देतो लवकरच’ पुरत नाही. ‘दर महिन्याच्या ५ तारखेला २,०००, दहा महिने’ असं बोला. पाच जणांत बदनामी केली असेल तर त्या पाचही जणांना भेटा.

दुसऱ्या पायरीचे साक्षीदार आपले वकील नसतात. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातला (१९:१५) जुना नियम, एकाच्या नव्हे तर दोघा-तिघांच्या साक्षीवर गोष्ट ठरावी हा, आरोप तपासण्यासाठी आहे. दोघांनाही मान्य असलेली, नात्यात नसलेली माणसं निवडा आणि त्यांना आधी पढवून ठेवू नका.

भावाला किती वेळा क्षमा करावी, ‘सात वेळा का?’ हा येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न मत्तय १८ मध्ये लगेच पुढे येतो. त्यावर येशू दाखला देतो: राजाने एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलं, पण त्या चाकराने सोबतच्या चाकराचे शंभर दीनार सोडले नाहीत. त्यातले आकडे पाहण्यासारखे आहेत. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. पण दुसऱ्या चाकराचं शंभर दीनारांचं देणंही तीन महिन्यांहून जास्त मजुरीचं आहे! येशू ते किरकोळ म्हणत नाही. म्हणून दुखावलेल्या माणसाला ‘सोडून दे, एवढं काय त्यात’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. कर्ज माफ केलं म्हणजे पुन्हा जामीन राहायलाच हवं असंही नाही. भरवसा वागणुकीतून हळूहळू परत येतो.

एका ठिकाणी हा क्रम लावूच नये, आणि तिथेच तो हट्टाने लावला जातो. घरात मारहाण होत असेल किंवा मुलाचं लैंगिक शोषण झालं असेल, तर ‘आधी एकांतात जा’ हे त्या बाईला किंवा त्या मुलाला सांगायचं नाही. मत्तयाच्या याच अठराव्या अध्यायात, सहाव्या वचनात, लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने (२०१२) मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवर आणि पंचांवरही. मदतीचे फोन नंबर: मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१. पाळकांनी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेटाची प्रार्थना घेऊ नये. आधी तिच्या आणि मुलांच्या राहण्याची सोय पाहावी. क्षमेचं बोलणं ती सुरक्षित झाल्यावर, आणि तिने स्वतः विषय काढला तरच.