नारिंगी धागा

रात्रीचे साडेअकरा.

आज दिवसभर डोक्यात खगोलशास्त्रज्ञ केप्लर होता. त्याने आधी बसवलेली मंगळाची कक्षा, रात्र रात्र जागून ग्रह टिपणाऱ्या टायको ब्राहेच्या नोंदींशी जवळजवळ जुळत होती. चूक फक्त 8 कलांची, अंशाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. दुसऱ्या कुणी ती पोटात घातली असती. त्याला ती सोसवली नाही, आणि वर्तुळ सोडता सोडता लंबवर्तुळ हाती आलं. 1609 मध्ये नियम छापला. ग्रह तसे का फिरतात, ते न्यूटनने 1687 मध्ये दाखवलं. मधली 78 वर्षं उत्तर होतं, कारण नव्हतं.

म्हणून अल्फाफोल्डला, म्हणजे प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला, ‘हे काही खरं आकलन नव्हे’ असं कुणी म्हणालं, की माझी मान लगेच डोलत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; ती दुमडून कोणता आकार घेईल, हे कोडं 50 वर्षं अडून होतं. 2020 मध्ये या प्रणालीने कितीतरी प्रथिनांचे आकार प्रयोगाच्या तोडीने सांगितले. 2022 पर्यंत 20 कोटींहून जास्त अंदाज सर्वांसाठी खुले झाले. 2024 मध्ये ती घडवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना, डेव्हिड बेकर यांच्यासोबत, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ही प्रणाली ज्यावर शिकली, त्या लाखाहून अधिक रचना माणसांनी प्रयोगशाळेत एकेक करून उलगडल्या होत्या. टायकोच्या जागरणांसारखंच ते काम, आणि त्याचं नाव फार कमी निघतं याचं मला वाईट वाटतं.

तरी एक गोष्ट टोचतेच. केप्लरचा नियम वहीच्या एका ओळीत मावतो. न्यूटनला तो समोर ठेवून ‘का?’ विचारता आलं. यंत्राचं शिकणं कोट्यवधी आकड्यांत विखुरलेलं आहे. ते शेवटचा आकार सांगतं, माळ तिथवर कोणत्या वाटेने पोचली ते सांगत नाही. आणि 8 कलांनी झोप उडायला कुणीतरी लागतंच ना?

संध्याकाळी एका प्रथिनाचं चित्र उघडलं होतं. प्रणालीला जिथे पुरती खात्री, तो भाग गडद निळा. जिथे अगदीच नाही, तो नारिंगी. कडेला एक लांब नारिंगी धागा लोंबत होता. आधी वाटलं, इथे यंत्र चुकलं. मग वाचलं, की असे कितीतरी भाग पेशीतही एका आकारात स्थिर नसतात. मग याला खरंच आकार नाही, की यंत्राला तो दिसला नाही? प्रयोग केल्याशिवाय कळणार नाही. बराच वेळ तो धागा फिरवून फिरवून बघत बसले.