कोंबडीला घाम येत नाही

कोंबड्या पाळायच्या म्हटल्या की जो तो पहिल्यांदा मुंगसाचं भय घालतो. ते खोटंही नाही. परभणीत घरामागच्या एवढ्याशा बागेतही मुंगूस येतं, आणि बोका तर कुंपणावर हजेरी लावूनच असतो. तेव्हा खुराडं चहूबाजूंनी बंद हवं. पण असं बंद खुराडं घेऊन मे महिन्यात शिरा बरं! एक वैरी म्हणतो लावून घे, दुसरा, म्हणजे दुपारचं ऊन, म्हणतो उघड. या दोघांचा तंटा मिटवणं म्हणजेच आमच्याकडे खुराडं बांधणं.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंगच मुळात ४१ अंशांच्या आसपास तापलेलं; बाहेर पारा ४२-४३ वर गेला की उष्णता टाकायची कुठे? मग चोच उघडी टाकून ती धापा टाकते, गळ्याची कातडी लपलप हलते, पंख अंगापासून सुटे धरलेले. या धापांनी रक्तातलं गणित बिघडतं आणि अंड्याचं कवचही पातळ पडतं. शिंपल्यांचा चुरा कितीही घाला, आधी सावली आणि गार पाणी हवं. पाणी मातीच्या परातीत, कडुनिंबाखाली, दुपारी पुन्हा बदललेलं.

म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत घुसत नाही. पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर, त्यावर ओलं पोतं. भिंतींच्या जागी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, खाली जमिनीत हातभर गाडलेली, कारण मुंगूस उकरून येतं. षट्कोनी भोकांची ती पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आत बसायला बाभळीची फांदी, खाली भाताचं तूस.

एवढा थाट बघून गावाकडची आत्या म्हणाली, "बाप्पा! पंखा बी लावून दे की. आमी डालगं झाकायचो अन् वर धोंडा ठिवायचो." हसलो खरा, पण डालगं म्हणजे तरी काय? विणलेलं टोपलं, वारा खेळणारं, वरून धोंड्यानं बंद. तंटा तिथं कधीच मिटलेला होता.

कोंबड्यांना मात्र आपल्या रचनेचं सोयरसुतक नसतं. कढीपत्त्याच्या बुडाशी तांबडीनं खळगा केलाय. त्यात ती आडवी पडते, एक पाय ताणते, पंखानं माती अंगावर उडवते आणि पिसं फुलवून ती थेट कातडीपर्यंत मुरू देते. उवा-पिसवांवर याहून स्वस्त औषध नाही. ते झाड आता जगेल असं वाटत नाही, पण सांगायचं कुणाला?

शेजाऱ्यांच्या पहाटेचा विचार करून कोंबडा ठेवलेला नाही. अंडी त्याच्याविना मिळतातच, पिल्लं तेवढी निघत नाहीत. पण तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहू लागली, आणि आत्यानं गावाहून अंडी धाडली. खुराड्यात तिच्यासाठी खोकं होतं, त्यात पेंढा होता. बाईसाहेब बसल्या कूलरच्या स्टँडमागच्या कोरड्या कोपऱ्यात. गारवा कुठं असतो ते तिला बरोबर कळतं. आता २१ दिवस ती हलायची नाही, आणि जवळ गेलेल्याच्या पोटरीला चोच मारते. कूलरमध्ये पाणी भरायला कुणी जायचं, यावर घरात रोज चिठ्ठ्या टाकतो.