समाजआरतीत वाजत राहणारा टाळ

संध्याकाळी पालखी तळावर आली की समाजआरतीआधी चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि एवढ्या अफाट जमावाचा गजर क्षणात थांबतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ त्या शांततेतही वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि तिचे म्हणणे ऐकून घेतो. आरती त्यानंतर.

देव नाही म्हणणाऱ्याचे म्हणणे माळकऱ्याने कसे ऐकावे, याला याहून चांगला दाखला आम्हाला सापडलेला नाही. आळंदी ते पंढरपूर या वाटेवर आम्ही हेच करतो. दिवसाला एकच युक्तिवाद घ्यायचा. काकड्यानंतर एकाने तो मांडायचा. चालताना भजन चालू असते, त्यामुळे बोलणे विसाव्यावरच. दुपारच्या जेवणापर्यंत कोणी उत्तर द्यायचे नाही, मांडणीत कच्चा दुवा दिसला तर तो पक्का करून द्यायचा. दुपारनंतर ज्याला उत्तर द्यायचे असेल त्याने आधी तो युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत असा सांगायचा, की ऐकणाऱ्या नास्तिकाने म्हणावे, "हो, माझे म्हणणे हेच." इथेच बहुतेकांची गाडी अडते. 'देव डोळ्यांना दिसत नाही' किंवा 'बुवा लोकांना लुबाडतात' असले सोपे मुद्दे घेऊन ते खोडायचे आणि जिंकल्यासारखे वाटून घ्यायचे, ही सवय मोडायला दोन-तीन मुक्काम जातात.

सगळ्यात जड युक्तिवाद दुःखाचा, म्हणून तो पुणे ते सासवड या लांबच्या टप्प्याला, दिवे घाटाच्या दिवशी. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये तो असा मांडला: देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे आणि जगात वाईट आहे, ही तीन विधाने एकत्र नांदत नाहीत. विल्यम रो यांनी १९७९ मध्ये त्याला अधिक धार लावली. रानात वीज पडून वणवा लागतो, एक पाडस होरपळते, काही दिवस तडफडते आणि मरते. पाहायला कोणी नाही, त्यातून शिकायला कोणी नाही. हे थांबले असते तर कोणते मोठे भले हुकले असते?

आपल्याकडे पहिले उत्तर येते, 'माणसाला स्वातंत्र्य दिले, त्याने गैरवापर केला.' ते पाडसाला लागू पडत नाही. किल्लारीलाही नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून गावे नुकती झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळून सुमारे दहा हजार माणसे गेली. घरे नीट बांधली असती तर इतकी माणसे मेली नसती, हे खरे. पण पाळण्यातल्या पोराने भिंतीचा दगड निवडला नव्हता.

दुसरे उत्तर कर्माचे. वेदान्ताचा पाया असलेल्या ब्रह्मसूत्रांनी हा आक्षेप स्वतःच नोंदवला आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातल्या ३४ व्या सूत्रात देवावरचे दोन आरोप आहेत, वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. उत्तर असे, की देव जीवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. मग पहिले कर्म कुठून आले? संसार अनादि आहे, असे पुढचे सूत्र म्हणते. मांडणी चिरेबंदी आहे. पण तिच्यात दोन ठिकाणी पाणी झिरपते. गुन्हा आठवत नसलेल्याला शिक्षा देऊन न्याय कसा होतो, ही एक जागा. दुसरी आम्हाला जास्त बोचते. हेच उत्तर चोखोबांना ऐकवले गेले. पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. ज्या उत्तराने सोसणाराच दोषी ठरतो, ते देताना जीभ अडखळली पाहिजे.

तिसरे उत्तर, 'देवाची लीला आपल्याला कळत नाही.' हे खोडता येत नाही, पण महाग पडते. वाईटामागचा हेतू कळत नसेल तर चांगल्यामागचाही कळत नाही. मग 'पोरगा वाचला, विठ्ठलाची कृपा' हे वाक्यही त्याच दिवशी सोडावे लागते. सकाळी लीला आणि संध्याकाळी कृपा, असे दोन्ही हाती धरणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हे एवढेच दाखवून द्यायचे आणि पुढे चालायचे.

हा आक्षेप बाहेरून आलेला नाही, हे सांगायलाच हवे. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी, वेद शिरोधार्य मानणाऱ्या मीमांसकाने, विचारले होते: करुणेपोटी जग निर्माण केले म्हणता, तर जीवच नव्हते तेव्हा करुणा कोणाची? आणि करुणाच होती तर निव्वळ सुखी जग का केले नाही? तुकोबांनी दुष्काळात अन्न अन्न करत बायको गेलेली पाहिली. 'माझे लेखीं देव मेला' हे शब्द त्यांचेच. तो अभंग वाचताना पुढच्या ओळीत शिरून घाईने समेट करायचा नाही. त्या ओळीवर एक दिवस थांबायचे.

जेजुरीच्या मुक्कामाला जन्माचा मुद्दा सोयीचा पडतो. दुसऱ्या देशात, दुसऱ्या धर्मात जन्मलो असतो तर इतक्याच खात्रीने दुसरेच मानले असते, मग या खात्रीचे मोल काय? यावर फार वेळ लागत नाही. विचार कुठून आला यावरून तो खोटा ठरत नाही. पण 'मला आतून पटले आहे' हा पुरावा मात्र तिथेच पातळ होतो.

नीरास्नानानंतर तत्त्वज्ञ शेलेनबर्ग यांचा १९९३ मधला युक्तिवाद घ्यावा. प्रेमळ देव असेल तर ज्याचा विरोध नाही आणि जो मनापासून शोधतो आहे, त्याला तो निदान आपण आहोत एवढे तरी कळू देईल. पण प्रामाणिकपणे शोधूनही देव न सापडलेली माणसे आहेत. 'त्यांची तळमळच कमी' हे उत्तर कोणी दिले की आम्ही त्याला त्या माणसासमोर बसून तेच म्हणायला सांगतो. सहसा म्हणवत नाही. त्या मानाने विरहाचे उत्तर अधिक प्रामाणिक आहे: न भेटणे हाही नात्याचा भाग असतो. पण नाते आहे हे कळलेल्यालाच विरह होतो, आणि मूळ तक्रार नेमकी ती आहे. इथे आमच्याकडे पुरे पडेल असे उत्तर नाही.

चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले की अंगावर काटा येतो, डोळे वाहतात. त्याच संध्याकाळी अनुभवाचा मुद्दा. हजारो पावले एका ठेक्यात, अपुरी झोप, तासन्तास एकच नाम. अशाने शरीरात आनंद उसळतो आणि देव नसता तरी उसळला असता. याला उत्तर आहे, कारण सापडले म्हणून अनुभव खोटा होत नाही. मात्र तो वाद जिंकण्यासाठी वापरता येत नाही. आपण रडलो एवढे आपल्याला माहीत असते.

२०२० साली माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. आम्ही साथीपासून वाचायला घरी थांबलो, आणि ते योग्यच होते. देव राखील असे म्हणणाऱ्यांनीही दार लावून घेतले, हा मुद्दा नास्तिकाने मांडला तर तो मान्य करावा.

वाखरीपर्यंत एखाद्याचा विश्वास खरोखर गळून पडतो. अशा वेळी त्याची रांगेतली जागा रिकामी करायची नाही. पंगतीत ताट पूर्वीच्याच ठिकाणी मांडायचे. माळ काढायची म्हणाला तर अडवायचे नाही, काढलेली माळ कोणाकडे ठेवायची एवढे विचारायचे. पाया पडायचा आग्रह नाही, समजूत घालायला महाराजांना बोलावणे नाही. टाळ हवा असेल तर द्यायचा, नको असेल तर पाण्याचा हंडा उचलायला माणूस लागतोच. आणि आरतीच्या वेळी तो गप्प राहिला नाही, त्याचे म्हणणे चालूच राहिले, तर चोपदार जातो तसे त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे.