तो सहाच होता

मनालीला जाऊन दीड दिवस लुडो खेळलो असं ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. दिल्लीपासून व्होल्वोचे चौदा तास, आईचे गुडघे, लेकाच्या तीन उलट्या, यावर मी काही लिहीत नाही.

जुन्या मनालीत होमस्टे घेतला होता. रात्री बर्फ सुरू झाला, सकाळी उठून बघतो तर लाइट नाही, नळाचं पाणी गोठलेलं आणि नेहरू कुंडाच्या पुढे पोलीस गाड्या सोडत नाहीयेत. म्हणजे बर्फ बघायला आलो आणि बर्फानेच कोंडलं. बुकिंग करताना 'रूम हीटर' वाचून आम्ही केवढे खूश, पण लाइटच नाही तर हीटर काय चाटायचाय?

शेवटी मालकाच्या आईने, अम्माजींनी, खाली स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे मधोमध तंदूर. तंदूर म्हणजे रोटीचा नाही हं, लाकडं घालायची लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. त्याच्याभोवती रजया घेऊन बसलो, गरम सिड्डू आले, म्हणजे तिकडचे वाफवलेले कणकेचे गोळे, आत अक्रोडाचं सारण, वर तुपाची धार, आणि मग कुठून तरी नातवाचा लुडो आला. पटाला मधोमध सेलोटेप, लाल सोंगट्या तीनच, चौथीच्या जागी राजम्याचा दाणा. लाल अर्थातच बाबांनी घेतला.

बाबा लहानपणापासून मला 'रडीचा डाव खडी' म्हणून चिडवत आलेत, पण खरे रडे तेच. फासा मुठीत धरून अर्धा मिनिट फुंकणार, हळूच सोडणार, मनासारखं नाही पडलं की "थांब, पट हलला". अम्माजी अंगावरचा लोकरी पट्टू सावरत नुसत्या बघायच्या आणि आपली पाळी आली की एक शब्द न बोलता कुणाची तरी सोंगटी मारायच्या. आईची तर त्यांनी घरापाशी आलेली मारली. आणि आई हसली! घरी साधं भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी चालत नाही तिला.

माझी शेवटची पिवळी घरात शिरायला आली होती आणि बाबांचा राजमा तिच्या बरोबर सहा घरं मागे. त्यांनी फासा टाकला, तो उडून रजईखाली गेला. "सहा! सहा पडला!" बाबा ओरडले. "बाहर गिरा, फिर से डालो," अम्माजी. बाबा माझ्याकडे बघतायत, मी सिड्डू खातेय. परत टाकला, दोन. पुढच्याच डावाला अम्माजींनी राजमा मारला. बाबा रात्री जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रस्ता सुटला. भाड्याचे लांब कोट आणि गमबूट घालून बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला निघालो, ट्रॅफिक इतकं की प्रत्यक्ष बर्फात वीस मिनिटं मिळाली असतील. जाताना अटल बोगद्यात बाबा हळूच म्हणाले, "तू रजईच्याच बाजूला होतीस. बघितलास ना?"

बघितला होता. सहाच होता.

नऊ किलोमीटरच्या बोगद्यात खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं, तरी मी बघत बसले.