तळ्यांवर एकच रात्र ठेवू नका

केनियाला जाऊन आलो म्हणलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला, क्रॉसिंग (वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप मसाई मारातली नदी ओलांडतात ते) दिसलं का? आणि दुसरा, बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) झाले का? दिसलं ना, झाले ना, सांगतो पुढे. पण मला खरं तर मारापेक्षा त्या रिफ्ट व्हॅली नावाच्या लांबलचक दरीतल्या तळ्यांबद्दलच जास्त लिहायचंय, कारण आपल्याकडच्या बहुतेक टूरमध्ये ती तळी म्हणजे मसाई माराला जाताना वाटेत जेवायचं, झोपायचं ठिकाण एवढाच त्यांचा मान. सकाळी नैवाशात बोट, दुपारी नाकुरू, रात्री आंघोळ करून झोपा, पहाटे बॅगा दाराबाहेर. आम्हालाही अगदी हाच कार्यक्रम पीडीएफमध्ये आला होता. तो मावशीने बदलायला लावला.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. बँकेतून रिटायर झाली, कोथरूडला असते, आणि रविवारी पहाटे कवडीपाट नाहीतर पाषाण तलाव, थंडी पडली की भिगवण, हे तिचं वर्षानुवर्षं चालू आहे. ती, मी, बायको आणि आमचे चिरंजीव, ज्यांच्या अकरावीच्या अॅडमिशनच्या फेऱ्या संपता संपत नव्हत्या म्हणून जुलैत चक्क मोकळे होते. टूरवाल्याला मावशीने स्पीकरवर सांगितलं, नैवाशाला दोन रात्री, नाकुरूला दोन रात्री, मारातली एक कमी करा. तो म्हणाला, काकू, तळ्यावर दोन दोन दिवस काय करणार तुम्ही? मावशी म्हणाली, बसणार.

तर पहिल्यांदा अंबोसेली नॅशनल पार्क. हे थोडक्यात सांगतो कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात, पुढे हत्ती मागे किलीमांजारो. डोंगर टांझानियात, हत्ती केनियात. ५,८९५ मीटरचा तो डोंगर दिवसभर ढगात असतो, पहाटे थोडा वेळ तोंड दाखवतो, त्यामुळे साडेसहाला बाहेर पडलात तरच काय ते. मला जास्त भारी वाटलं ते तिथल्या पाण्याचं. सगळीकडे नुसती धूळ, पांढरीफटक, नाकातोंडात जाते, लांबवर धुळीच्या वावटळी उभ्या असतात, आणि मधेच हिरवीगार दलदल. किलीमांजारोवर पडणारं पाणी जमिनीखालून झिरपत येऊन इथे वर येतं, आणि त्यात हत्ती पोटापर्यंत उभे राहून लव्हाळं उपटून खात असतात, पाठीवर बगळे. अख्खं पार्क ३९२ चौरस किलोमीटरचं, त्यातल्या ह्या एवढ्याशा ओल्या पट्ट्यावर सगळ्यांचं पोट.

तिथून नैवाशा म्हणजे जवळजवळ दिवसभराचा प्रवास. नैरोबीचं ट्रॅफिक पाहून बायको म्हणाली आपण हडपसरला आहोत का. वाटेत ड्रायव्हरने भाजलेली मक्याची कणसं घेतली आणि कणीसवालीला मोबाइलवरून पैसे दिले. आमचे चिरंजीव लगेच, बाबा इथेही यूपीआय? यूपीआय नव्हे रे, एम-पेसा, आणि ते २००७ पासून आहे, आपलं यूपीआय २०१६ चं. गप्प बसला. स्मार्टफोनही लागत नाही त्याला, साध्या फोनवर चालतं.

मग रस्ता एकदम कड्यावर येतो आणि खाली रिफ्ट व्हॅली पसरलेली दिसते. सगळे तिथे थांबून फोटो काढतात, आम्हीही काढले, एकाही फोटोत ते आलेलं नाही.

नैवाशा गोड्या पाण्याचं तळं. ह्यात गंमत अशी की ह्या तळ्यातून बाहेर पडणारी एकही नदी दिसत नाही, म्हणजे खरं तर ते खारट व्हायला हवं होतं, पण पाणी जमिनीखालून झिरपून निघून जातं म्हणून गोडं राहिलंय. शेजारची एलमेंटाइटा आणि नाकुरू मात्र खाऱ्या सोड्याची. एकाच दरीत, तास दोन तासांच्या अंतरावर, आणि पाणी वेगळं म्हणून पक्षी वेगळे, झाडं वेगळी. हे मावशीने आम्हाला नाश्त्याला ऑम्लेट खाता खाता समजावलं, मी आपला मान हलवत होतो, पण दोन्हीकडे दोन दोन रात्री राहिल्यावर ते डोळ्यांना दिसायला लागलं, नुसतं बोटीत एक तास फिरून नसतं दिसलं.

पाणघोडे तिथे इतके की काय सांगू. दिवसा नाकाचे शेंडे आणि कान तेवढे वर, बाकी सगळं पाण्यात, कारण कातडी उन्हाने सुकते, भाजते. रात्री बाहेर येऊन चरतात. आमच्या लॉजच्या हिरवळीवर रोज रात्री यायचे, त्यामुळे अंधार पडला की रूमपासून डायनिंग हॉलपर्यंत जायलासुद्धा टॉर्चवाला गार्ड सोबत घ्यायचा, एकट्याने जायचं नाही, हे अगदी दमात घेऊन सांगतात. आणि आवाज! टपरीवर चार काका कुठल्यातरी विनोदावर एकदम खदखदून हसावेत तसा, रात्री दोनला, खिडकीच्या बाहेर. बायकोला झोप नाही. मावशी सकाळी विचारते, कसला आवाज?

दुसऱ्या दिवशी पहाटे बोट. टूरच्या बोटी साधारण नऊनंतर सुटतात, आम्ही मुक्कामालाच होतो म्हणून सहा-साडेसहालाच पाण्यावर. धुकं, पपायरसचे झुबके, आणि डोकं पांढरं असलेला तो आफ्रिकन फिश ईगल झाडावर बसून मान मागे टाकून ओरडतो ते. बरेच बोटवाले त्याला मासा फेकून बोलावतात, शिट्टी मारली की येतो, सगळ्यांना फोटो मिळतो. आमच्या बोटवाल्यानेही मासा काढला तर मावशी म्हणाली, नको दादा, त्याचं तो पकडेल. अर्धा तास काही झालं नाही. चिरंजीव वैतागले. मग त्याने पकडला, आमच्यापासून बऱ्याच लांब, माझ्या फोटोत ठिपका आलाय. मला तो ठिपका आवडतो पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाला काही वाटलं नाही.

आणि मावशीला सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल तर कवड्या खंड्याचा. हो, तोच काळापांढरा, आपल्या कवडीपाटला पुलाजवळ पाण्यावर एका जागी फडफडत राहतो आणि मग सूर मारतो. अगं पण हा बघायला एवढ्या लांब आलो का आपण, असं बायको म्हणाली तर मावशीचं म्हणणं, ओळखीचं माणूस परक्या गावात भेटल्यावर जास्तच बरं वाटतं. जलपर्णीही भेटली ओळखीची, तीच आपली मुळा-मुठेतली, पाषाणची, तिथेही कडेने गच्च. मूळची दक्षिण अमेरिकेतली, दोन्हीकडे पाहुणी आणि दोन्हीकडे मालकीण होऊन बसलीये.

काठाने मैलोन् मैल पॉलिहाऊस आहेत, गुलाबाची. तळेगावला जाताना दिसतात तशीच, फक्त न संपणारी. इथली फुलं विमानाने थेट युरोपात जातात, आणि ह्या सगळ्याला पाणी ह्याच तळ्यातलं नाहीतर त्याच्या आजूबाजूच्या बोअरचं. बोटवाल्याच्या घरातली दोन माणसं तिथे कामाला, त्यामुळे तो फुलवाल्यांना शिव्या पण देत होता आणि काम बंद पडलं तर काय, हे पण म्हणत होता. हजारो लोकांच्या पगाराचा प्रश्न आहे, बाहेरून येऊन आपण काय बोलणार.

क्रेसेंट आयलंडवर चालायला मिळतं, हे नक्की करा. एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाची ही वर राहिलेली कड आहे. सिंह-बिबटे नाहीत म्हणून जिराफांच्या मधून पायी जाता येतं. गाडीच्या टपातून जिराफ बघणं वेगळं आणि त्याच्या नुसत्या पायांएवढी आपली उंची आहे हे उभं राहून कळणं वेगळं.

नाकुरूला मावशीचा थोडा हिरमोड झाला, आणि त्याबद्दलच मला लिहायचं होतं खरं तर. नाकुरू म्हणजे फ्लेमिंगो, जुन्या कॅलेंडरवर असायचं ना, अख्खं तळं गुलाबी, तेच हे. आम्ही गेलो तर कडेने काही शेकडा असतील, विखुरलेले. काठावर बाभळीच्या जातीची मोठमोठी झाडं पाण्यात वाळून उभी, पांढरी पडलेली, त्यांच्यावर पाणकावळे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ह्या दरीतल्या बऱ्याच तळ्यांचं पाणी वाढत गेलंय. नाकुरूत पार्कचं जुनं मुख्य गेट, ऑफिसं, काठचे रस्ते पाण्याखाली गेले, नवीन गेट बांधावं लागलं.

आता पाणी वाढलं तर पक्ष्यांना चांगलंच ना, असं मला वाटायचं. तर नाही. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, इथले बहुतेक छोटे रोहित, भिगवणला येतात ते मोठे रोहित. मोठा रोहित चिखलातले किडे, कोळंबीसारखे जीव खातो, छोट्याचं सगळं पोट मुख्यतः स्पिरुलिना नावाच्या हिरव्या शेवाळावर, ते तो चोच उलटी धरून पाण्यातून गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही ह्या खाण्यातूनच येतो. आणि स्पिरुलिना फोफावतं ते कडक खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात. पावसाचं, नद्यांचं गोडं पाणी जास्त आलं की तळं पातळ होतं, शेवाळ कमी होतं, की हे उठले आणि गेले ह्याच दरीतल्या बोगोरिया तळ्याला नाहीतर आणखी कुठे. अंडी घालायला तर ते मुख्यतः टांझानियातल्या नेट्रॉन तळ्यावर जातात. म्हणजे एका तळ्याला कुंपण घालून पार्क केलं तरी पक्ष्याचं घर अख्खी दरी आहे. नाकुरू, एलमेंटाइटा आणि बोगोरिया ह्या तिघांना मिळून २०११ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत घेतलं ते मला ह्यामुळे फार पटलं.

पाणी का वाढलं, तर पाऊस वाढला हे एक, आणि वरच्या माऊ डोंगरावरचं जंगल तुटल्यामुळे पाणी मुरत नाही, गाळासकट सरळ खाली येतं, हेही सांगतात. जमिनीखालच्या हालचालींचंही कुणी कुणी म्हणतात. हा माऊ लक्षात ठेवा, परत येणारे.

गेंडे मात्र नाकुरूत मस्त दिसले. पांढरा आणि काळा दोन्ही, जे दोन्ही खरं तर राखाडीच. रुंद ओठाचा खाली मान घालून गवत कापत चालणारा तो पांढरा, टोकदार ओठाने झुडपं ओरबाडणारा तो काळा. १९८० च्या दशकात शिकारीमुळे गेंडे संपायला आल्यावर ह्या पार्कला कुंपण घालून इथे त्यांची पैदास केली. चिरंजीवांनी यादीवर खूण केली आणि विचारलं, आता बिबट्या कधी.

बिबट्या मारात मिळाला, उंबराच्या जातीच्या एका झाडावर, शेपूट तेवढी लोंबत होती. ड्रायव्हर लोकांचा रेडिओ सतत चालू असतो, आपल्याला 'सिंबा' (सिंह) आणि 'चुई' (बिबट्या) एवढंच कळतं, पण ते कळलं की गाडी वळायच्या आत आपणच सीटवर उभे राहतो. नियम असा की मोठ्या मांजराभोवती एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं, रस्ता सोडून गवतात घुसायचं नाही. पाळतात का, तर रेंजर जवळपास असला की पाळतात. ताडोबाला जाऊन आलेल्याला ह्यात नवीन काही वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे एक वाघ नाही दिसला तर सफारी फुकट गेली म्हणून लोक तोंड पाडून बसतात, आणि इथे काहीच न शोधता नुसतं थांबलं तरी समोर पाच जातीचे प्राणी चरत असतात.

आणि हो, क्रॉसिंग. मारा नदीवर दुपारी जाऊन थांबलो. पलीकडे वाइल्डबीस्ट जमत जमत हजारो झाले, पुढचे काठापर्यंत यायचे, वास घ्यायचे, मागे फिरायचे, परत यायचे, तीन तास हेच. अलीकडे गाड्याच गाड्या. मग एकाने उडी टाकली आणि एकदम सगळेच, धूळ, हंबरणं, मगरी, आणि अलीकडे सगळ्या गाड्यांची इंजिनं एकाच वेळी सुरू होऊन जागा पकडायला धावली. बघण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. पण वीसेक मिनिटांनी मी प्राण्यांपेक्षा पुढच्या गाडीच्या छतावर चढलेल्या माणसाकडेच जास्त रागाने बघत होतो. ड्रायव्हर म्हणाला, ही नदी पण माऊवरूनच येते. म्हणजे एकाच डोंगराचं पाणी एका बाजूला नाकुरूत जास्त झालंय, आणि दुसऱ्या बाजूला कोरड्या महिन्यांत मारा आटते म्हणून लोक काळजीत.

मारात मला सगळ्यात आवडलं ते तरसांचं घर. मावशीने गाडी बंद करायला लावली आणि आम्ही तासभर तिथेच. पिल्लं काळपट, अस्वलाच्या पिल्लांसारखी दिसतात, बिळातून डोकी काढून एकमेकांचे कान चावत होती. ड्रायव्हरने सांगितलं की ह्यांच्यात माद्या आकाराने मोठ्या आणि कळपात शेवटच्या मादीचं स्थानही बाहेरून आलेल्या नरांच्या वर. मावशी दुर्बीण न काढता म्हणाली, बरोबर आहे.

आता कामाच्या गोष्टी, फोन करून करून सगळे विचारतायत म्हणून. मारा रिझर्व्हची फी परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००, आणि तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याचेच, त्यामुळे तिथली एक रात्र कमी करून तळ्यांवर घातली तर खिशालाही बरं पडतं. पॅकेजमध्ये फी धरलीये का हे लेखी घ्या. व्हिसा आता नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढायचा. थंडी असते हो, आफ्रिका म्हणून नुसते टीशर्ट नेऊ नका, हा सगळा भाग उंचावर आहे, जुलैत पहाटे उघड्या टपाच्या गाडीत मावशीची कानटोपी सगळ्यांनी आळीपाळीने घातली. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात २०१७ पासून बंद, आणि पार्कांमध्ये पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटल्याही २०२० पासून बंद, तेव्हा चकल्या, भाकरवडी, मेतकूट सगळं घरीच डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा. शाकाहाराची काळजी नको, बहुतेक लॉजमध्ये डाळ-भात-चपाती असतेच. कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सपेक्षा माणशी एक दुर्बीण न्या, एका दुर्बिणीत चौघं म्हणजे भांडणं.

यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या, सरकारमान्य केंद्रातच, आणि अपॉइंटमेंट लवकर धरा. ते पिवळं कार्ड परत येताना मुंबई विमानतळावर बघतात, नसेल तर सरळ क्वारंटाइन, त्यामुळे चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टसोबत ठेवा.