आमची वाटचाल : भाड्याच्या कॅसेटपासून घरी ठेवायच्या डिस्कपर्यंत

१९८९ च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर, बाबांनी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याची रस्त्याकडची खोली मोकळी करून तेथे व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी सुरू केली. भांडवल म्हणजे आईच्या भिशीचे पैसे आणि बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम, आणि माल म्हणजे दोन लोखंडी मांडण्यांत मावतील एवढ्या कॅसेट. सभासदाकडून डिपॉझिट घ्यायचे, दिवसाला दहा रुपये भाडे लावायचे आणि परत आलेली कॅसेट रिवाइंड केलेली आहे हे पाहूनच वहीत खूण करायची, अशी साधी पद्धत होती. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत मंडळी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा संच रात्रभरासाठी नेत, आणि वर्षाचा नफा म्हणावा तो त्या पंधरा-वीस रात्रींतूनच निघे.

कॅसेट हा नाशवंत माल आहे, हे पहिल्याच पावसाळ्यात कळले. जुलै-ऑगस्टमध्ये वाड्याच्या भिंती ओल धरत, टेपच्या कडेला पांढरी बुरशी चढे, आणि अशी एक कॅसेट चुकून लावली गेली की व्हीसीआरचे हेड खराब होऊन पुढच्या सगळ्या कॅसेटचे चित्र मुंग्या आल्यासारखे दिसे. बाबांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात साठ वॅटचा दिवा बसवला. तो जूनपासून दसऱ्यापर्यंत दिवसरात्र जळत असे. विजेचे बिल पाहून आई कुरकुर करी, पण दर शनिवारी प्रत्येक कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून ठेवण्याचे काम तिनेच अंगावर घेतले होते. माल विकण्याइतकाच तो जपणे हाही धंद्याचा भाग असतो, ही आमच्या दुकानाची सवय त्या दिव्यापासूनची आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटांचेच चित्रण मावत असल्यामुळे मराठी चित्रपट सहसा दोन सीडींत, आणि लांबलचक हिंदी चित्रपट तीन सीडींत येई. चित्र टेपपेक्षा फार सरस नव्हते, पण बुरशीची धास्ती संपली. त्यापाठोपाठ डीव्हीडी आली आणि दुकानाचे गिऱ्हाईकच बदलले. एका थरात ४.७ गिगाबाइट आणि दोन थरांत साडेआठ गिगाबाइट माहिती मावत असल्याने सबटायटल्स, दुसऱ्या भाषेतला ध्वनी आणि दिग्दर्शकाचे निवेदन असे सगळे एकाच डिस्कवर मिळू लागले. लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी सायकलवरून येत आणि आम्ही नावही न ऐकलेले जपानी, इराणी, पोलिश चित्रपट मागत. त्यांच्यासाठी परदेशातून माल मागवताना प्रदेश-संकेत नावाची भानगड आम्हाला प्रथम समजली. डीव्हीडी विकण्यासाठी कंपन्यांनी जगाचे प्रदेश पाडले होते. त्या वाटणीत भारत पाचव्या प्रदेशात येतो आणि अमेरिका पहिल्या. त्यामुळे नातेवाइकांनी हौसेने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालत नसे. अनेकांनी ती बिघडलेली समजून फेकून दिली, याचे मला आजही वाईट वाटते.

आमची लायब्ररी इंटरनेटने बंद पाडली, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक ती त्याआधीच बंद झाली होती. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. वीस रुपये भाडे भरून दुसऱ्या दिवशी परत आणून देण्यापेक्षा चौदा रुपये जास्त घालून ती कायमची घरी ठेवावी, हा हिशेब कुठल्याही पुणेकराला समजावून सांगावा लागला नाही. दोन वर्षांत सभासदांची वही बंद करून आम्ही निव्वळ विक्रीकडे वळलो, आणि ती आमची सर्वांत भरभराटीची वर्षे ठरली. ज्या घरांत पुस्तकांचे कपाट होते, त्या घरांत त्याच्या शेजारी चित्रपटांचे कपाट आले. २०१६ साली, आधी इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी परदेशी सेवा भारतात आल्याने आणि मग सप्टेंबरात जिओने डेटा जवळजवळ फुकट केल्याने, तो ओघ आटला. दिवसाला पन्नास पावत्या फाडणारे दुकान आठवड्याला पाच पावत्यांवर आले.

त्याच वर्षांत आम्हीही काळाबरोबर चालून पाहिले, हे येथे नमूद केले पाहिजे. तरुणपणी कॅम्पातल्या थिएटरात पाहिलेला एक इंग्रजी चित्रपट बाबांना पुन्हा पाहायचा होता, आणि त्याची डिस्क छापणे कंपनीने बंद केले होते. २०१७ साली मी तो एका ऑनलाइन सेवेकडून ‘विकत’ घेतला. भाड्याने नव्हे, चारशे नव्वद रुपये भरून, ‘खरेदी’ असे लिहिलेले बटण दाबून. तेव्हा त्यांनी तो दोनदा पाहिला. चार वर्षांनी, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला, तेव्हा यादीतील त्याचे चित्र करडे झाले होते आणि खाली ‘हे शीर्षक आता उपलब्ध नाही’ एवढेच लिहिलेले होते. तक्रार केल्यावर आलेल्या उत्तरात, आपण चित्रपट नव्हे तर तो पाहण्याचा परवाना घेतला होता आणि मूळ हक्कदाराशी असलेला करार संपल्याने तो परवानाही संपला, असे कळवण्यात आले. बत्तीस वर्षे दुकान चालवलेल्या माणसाला मी ते वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, “मग पावती कशाची दिली?”

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. हा प्रकार एकट्या आमच्या वाट्याला आलेला नव्हता. अनेक स्टुडिओंनी मिळून उभारलेली अल्ट्राव्हायलेट ही डिजिटल कपाटाची योजना जुलै २०१९ अखेर बंद झाली. २०२२ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियातील प्लेस्टेशन या खेळयंत्राच्या ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेले एका फ्रेंच स्टुडिओचे चित्रपट त्यांच्या खात्यांतून काढले गेले, कारण विक्रेत्याचा परवाना संपला होता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला, आणि १ जानेवारी २०२५ पासून तेथे, हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय, अशा मालाला ‘विकत घ्या’ म्हणता येत नाही. डिस्क घेतल्यानेही चित्रपटाचे हक्क आपल्याकडे येत नाहीत, तिची नक्कल करून विकण्याची मुभा मिळत नाही. पण ती वस्तू आपली असते, आणि ती परत न्यायला कोणी आपल्या घरात येऊ शकत नाही.

डिस्क अमर आहे, असे मात्र आम्ही कोणाला सांगत नाही. घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने विटते. कारखान्यात छापलेल्या डिस्कचाही परावर्तक थर थरांच्या फटीतून हवा शिरल्यास काळवंडतो. डिस्क शाबूत असली तरी प्लेअर मिळेनासा होतो. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे या अधिक दर्जेदार डिस्कचे नवे प्लेअर अमेरिकेच्या बाजारात आणणे सॅमसंगने २०१९ मध्येच थांबवले. एका खोलीत संसार करणाऱ्या जोडप्याला किंवा बारीक अक्षर दिसत नसलेल्या आजींना आम्ही स्वतःच ऑनलाइन सेवा घ्यायला सांगतो. एकदा पाहून विसरायचा चित्रपट भाड्याने पाहावा. दहा वर्षांनी मुलांना दाखवावासा वाटेल तो डिस्कवर घ्यावा, हा आमचा सल्ला आहे. चित्राच्या दर्जातही फरक आहेच. ब्लू-रे डिस्कवरून चित्र सेकंदाला ४० मेगाबिटांपर्यंत येऊ शकते, तर इंटरनेटवरून त्याच आकाराचे चित्र पाच-सहा मेगाबिटांत बसवलेले असते. काळोखातला प्रसंग शेजारी-शेजारी लावला की पट्टे कुठे उमटतात ते गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. दांडेकर पुलाजवळच्या एका तळघरात आमचे गोदाम होते आणि त्यात छातीइतके पाणी शिरले. तिसऱ्या दिवशी चिखलातून खोकी बाहेर काढली तेव्हा मुखपृष्ठांचा नुसता लगदा झाला होता. पाणी ओसरण्याआधीच विम्याचा विषय संपला, कारण तळघर विम्यात बसत नव्हते. आईने मात्र अंगणात दोन टब मांडले. एकात कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. डिस्क बुडवायची आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायची. गोल पुसले तर ओरखडा माहितीच्या ओळीवरूनच धावतो आणि सलग बराच भाग जातो. सरळ पुसले तर तो ओळींना आडवा छेदतो आणि तेवढी तूट प्लेअर स्वतः भरून काढतो. कपडे वाळत घालायच्या दांड्यांवर चिमटे लावून डिस्क वाळत घातल्या. बहुतेक सगळ्या वाजल्या.

आजचे आमचे काम त्या टबांतून सुरू झाले. आता आम्ही छपाई बंद झालेल्या डिस्क शोधून देतो, प्लेअर दुरुस्त करतो आणि ओरखडे घालवतो. सीडी आणि व्हीसीडीची माहिती छापील बाजूच्या लगेच खाली असते, त्यामुळे वरून खरवडलेली व्हीसीडी दुरुस्त होत नाही, हे आधीच सांगतो आणि पैसे घेत नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असल्याने ती यंत्रावर घासत नाही. डीव्हीडीचा थर मधोमध असल्याने ती बहुधा वाचते. घरच्या लग्नांच्या आणि मुंजींच्या कॅसेट उतरवून देण्याचे काम सध्या सर्वांत जास्त येते, आणि बुरशी घालवण्याचा आईचा अनुभव तेथे रोज उपयोगी पडतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे आणि जानेवारी २००३ च्या आगीत त्याची नायट्रेटवरची जुनी रिळे जळाली, हे या शहराने पाहिले आहे. म्हणून कोणी कपाट रिकामे करायला काढले की आम्ही स्वतः जाऊन पाहतो. त्यांत असे कितीतरी मराठी चित्रपट निघतात, जे आम्हाला एकाही ऑनलाइन सेवेवर सापडलेले नाहीत.

पुरातून वाचलेल्या काही डिस्कवरचे छापील नावही धुऊन गेले आहे. मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यावर कोरलेला बारीक क्रमांक भिंगातून वाचून, तो जुन्या खरेदीवह्यांशी ताडून, माझी मुलगी रविवारी त्यांची ओळख पटवते. आई शेजारी बसून पांढऱ्या पाकिटावर नाव लिहिते. अजून साडेतीनशे डिस्क बाकी आहेत.