बडोद्यातलं ट्रॉपिकल अंगण : पावसानंतरचा अपडेट

मंडळी, पाऊस आटोपला आणि अंगणाची पश्चिमेची बाजू एकदाची झाडांनी भरली! आपल्याकडे ट्रॉपिकल लुक म्हटलं की लोक थेट नर्सरी गाठतात आणि कोकणात शोभतील अशी झाडं उचलून आणतात, पण बडोद्यात पावसाळा सोडला तर हवा कोरडी, मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि त्यात तो गरम वारा, त्यामुळे हेलिकोनिया (केळीसारख्या पानांचं फुलझाड) नुसत्या उन्हापेक्षा वाऱ्यानेच जास्त करपतो, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि मग चिंध्या. म्हणून आधी आडोसा, मग बाकीचं. कुंपणाला बांबू, जाळीवर मधुमालती, त्याच्या आत केळी, मग हेलिकोनिया नि कर्दळ, तळाला अळू. इथली कमाटी बाग ही सार्वजनिक बाग १८७९ सालची, तिथल्या जुन्या झाडांखाली मे महिन्यात भर दुपारी उभं राहून बघा, वरून सावली असली की खालचं हिरवं कसं टिकतं ते कळतं.

माती आपली काळी, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात नुसता लगदा, कंद कुजायला वेळ लागत नाही. वाफा फूटभर उचलला, शेणखत आणि पालापाचोळा भरपूर घातला. सोनटक्का मात्र मुद्दाम खोलगट जागी लावलाय, त्याला ओल हवीच असते, आणि संध्याकाळी वास असा सुटतो की काय सांगू.

खिडकीजवळ लोंबत्या फुलांचा हेलिकोनिया, रोस्ट्राटा, घेतला. उभ्या फुलांच्या जातींच्या त्या लाल होड्यांमध्ये (फुलांभोवतीची होडीसारखी रंगीत पानं) पाणी साचतं, वाकून बघितलं तर आत डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात, रोस्ट्राटाच्या होड्या खाली तोंड करून असतात त्यामुळे ती भानगड नाही. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापायचा, त्याला परत फूल येत नाही, शेजारून नवे फुटवे येतात. कर्दळीचंही तेच.

बोअरचं पाणी जड, कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो आणि कॅलेथियाच्या (नक्षीदार पानांचं शोभेचं झाड) पानांची टोकं जळतात. तिला एसीच्या बादलीतलं पाणी घालतो, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आईचं मत, जास्वंदाशिवाय बाग कसली, म्हणून पुढच्या कोपऱ्यात लाल जास्वंद आलंय, डिझाईनमध्ये बसत नाही पण देवाला फुलं रोज मिळतात.

आता केळीखाली थोडी जागा उरलीय. कोणाकडे रेड जिंजरचा (लाल फुलांचं, आल्याच्या कुळातलं शोभेचं झाड) फुटवा असेल तर सांगा, बदल्यात सोनटक्क्याचे कंद देतो.